स्नेहसंमेलनापलीकडचे विद्यार्थी मंडळ

कामठीचे नाव विज्ञानाच्या दोन वेगवेगळ्या दालनांत कोरले गेले आहे. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते गोंडवन खडकांच्या 'कामठी शैलसमूहा'मुळे ठाऊक असते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र ते एका मृत्युपत्रामुळे ठाऊक असायला हवे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये आपल्या मालमत्तेतील सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाच्या नावे ठेवले. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र यांचे शिक्षण हा त्यामागील हेतू होता. विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. या देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली आणि २०२३ मध्ये तिला स्वतंत्र राज्य विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

त्याच २०२३ साली नागपूर विद्यापीठाने शताब्दी गाठली. वर्षारंभी, ३ ते ७ जानेवारी या काळात, भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन विद्यापीठाच्या यजमानपदाखाली नागपुरात पार पडले. मांडव, प्रदर्शने, पाहुणे आणि भाषणे यांची रेलचेल झाली. अशा सोहळ्यात विज्ञान विभागांतील पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थी हे स्वयंसेवकाचा बिल्ला लावून उभे असतात. सोहळा संपला की ते पुन्हा प्रयोगशाळेत परततात. प्रश्न सुरू होतो तो तेथे. ज्या विद्यार्थ्यासाठी कामठीच्या एका धनिकाने आपली संपत्ती विद्यापीठाच्या स्वाधीन केली, त्या विद्यार्थ्याचे स्वत:चे म्हणणे विभागात मांडले जाण्याची व्यवस्था कोणती?

मंडळ असते, पण कशासाठी?

विज्ञानाच्या बहुतेक पदव्युत्तर विभागांत काही ना काही नावाने विद्यार्थ्यांचे मंडळ असते. कोठे ते रसायनशास्त्र मंडळ असते, कोठे वनस्पतिशास्त्र मंडळ, तर कोठे नुसतीच 'सोसायटी'. प्राय: विभागप्रमुख हे पदसिद्ध अध्यक्ष असतात, एका अध्यापकाकडे प्रभार असतो आणि एम.एस्सी.च्या गुणवान विद्यार्थ्यांतून सचिव नेमला जातो. नवागतांचे स्वागत, शिक्षक दिन, २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन, एखादे अतिथी व्याख्यान, एखादी शैक्षणिक सहल आणि वर्षअखेरीचा निरोप समारंभ, एवढ्यात मंडळाचे वर्ष संपते. पीएच.डी.चे विद्यार्थी या मंडळात बहुधा नसतातच. असले तरी खुर्च्या मांडण्यापासून प्रक्षेपक जोडण्यापर्यंतच्या कामांपुरते असतात.

या कार्यक्रमांना कमी लेखण्याचे कारण नाही. कामठी, कन्हान, रामटेक, मौदा या भागांतून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला विभाग आपला वाटू लागतो तो अशाच प्रसंगांतून. कामठीच्या सेठ केसरीमल पोरवाल महाविद्यालयासारख्या संस्थेतून पदवी घेऊन जो विद्यार्थी नागपुरातील विभागात दाखल होतो, त्याला वरच्या वर्गातील कोणी ओळखीचा भेटणे हीसुद्धा मोठी गोष्ट असते. परंतु मंडळाचे काम एवढ्यावरच थांबत असेल, तर विज्ञान विभागातील विद्यार्थ्याची खरी गरज त्याच्या कक्षेबाहेरच राहते.

ही गरज इतर शाखांपेक्षा वेगळी आहे. इतिहासाचा किंवा मराठीचा संशोधक ग्रंथालयात बसून, प्रसंगी घरी राहून आपले काम पुढे नेऊ शकतो. विज्ञानाच्या संशोधकाचे तसे नसते. त्याचे उपकरण विभागाचे, रसायने विभागाची, प्रयोगशाळेची किल्ली मार्गदर्शकाच्या हाती आणि अधिछात्रवृत्तीच्या कागदावरील स्वाक्षरीही त्यांचीच. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातील नाते चांगले असेल, तर ते गुरुकुलासारखे फुलते. बिघडले, तर विद्यार्थ्याला दाद मागण्यासाठी दुसरे दार सापडत नाही. चार-पाच वर्षांचे आयुष्य एका व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून असताना कोणीही एकटा विद्यार्थी तक्रार करायला धजावत नाही. जे एकट्याला बोलता येत नाही, ते सर्वांच्या वतीने बोलणे हे मंडळाचे पहिले प्रयोजन ठरते.

निवडणुकीचा अडलेला गाडा

विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधित्वाचा महाराष्ट्रातील इतिहास या संदर्भात पाहिला पाहिजे. मुंबईत १९८९ मध्ये महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याची हत्या झाली आणि विद्यार्थी निवडणुकांविषयी पालक, प्राचार्य आणि शासन अशा सर्वांच्याच मनात धास्ती निर्माण झाली. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांऐवजी गुणवत्तेच्या आधारे वर्गप्रतिनिधी निवडण्याची पद्धत आणली. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी हाच प्रतिनिधी, असे सूत्र त्यामुळे रूढ झाले. दोन पिढ्या याच पद्धतीत शिकून बाहेर पडल्या.

देशपातळीवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २००६ मध्ये तिच्या शिफारशी लागू करण्याचे निर्देश न्यायालयाने दिले. प्रत्येक उमेदवाराच्या खर्चावर पाच हजार रुपयांची मर्यादा, ७५ टक्के उपस्थितीची अट, संशोधक विद्यार्थ्यांसाठी कमाल २८ वर्षांचे वय, अशी त्यांतील काही ठळक कलमे होती. पैसा आणि दंडेली यांना आवर घालून निवडणुका घ्याव्यात, हा समितीचा रोख होता. निवडणुकाच नकोत, असे तिने म्हटलेले नव्हते.

महाराष्ट्रात त्यानंतर दहा वर्षांनी, २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. हा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. विद्यापीठ, विद्यापीठाचे विभाग आणि महाविद्यालये या तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या परिषदा असाव्यात, त्यांत विद्यार्थिनींना आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांना निश्चित स्थान असावे, असे कायदा सांगतो. २०१९ मध्ये निवडणुकांची तयारीही सुरू झाली. मात्र विधानसभा निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर त्या लांबणीवर पडल्या. २०२० मध्ये करोनाने विद्यापीठेच बंद केली. कायदा लागू झाल्यानंतरच्या पहिल्या सात वर्षांत राज्यात एकदाही या पद्धतीने मतदान झाले नाही. मतदानाचा हक्क कायद्याच्या पुस्तकात आणि प्रतिनिधी नेमणुकीच्या यादीत, अशी ही विचित्र स्थिती होती.

तक्रार निवारणाच्या व्यवस्थेतही हेच सूत्र दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींविषयी नवे विनियम अधिसूचित केले. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असावी, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा आणि समाधान न झाल्यास विद्यार्थ्याला लोकपालाकडे अपील करता यावे, अशी त्यांत चांगली तरतूद आहे. समितीचे अध्यक्ष आणि चार सदस्य हे प्राध्यापक वा ज्येष्ठ अध्यापक असतात. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी एकच, तोही विशेष निमंत्रित म्हणून. आणि त्याची नेमणूक अभ्यास, क्रीडा किंवा अभ्यासेतर उपक्रमांतील कामगिरीवरून व्हायची असते. चांगले गुण मिळवणे आणि दुसऱ्याची बाजू निर्भीडपणे मांडणे हे दोन भिन्न गुण आहेत, याची दखल या रचनेत घेतलेली नाही.

म्हणूनच विभागातील साध्या मंडळाचे महत्त्व वाढते. कायद्याने अपेक्षिलेली परिषद अस्तित्वात येवो वा न येवो, विभागाचे मंडळ आजही स्थापन करता येते. त्यासाठी मंत्रालयातून आदेश यावा लागत नाही.

अधिछात्रवृत्तीचा धडा

संघटित आवाजाने काय साधते, याचे उदाहरण देशातील संशोधक विद्यार्थ्यांनीच घालून दिले आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची मासिक रक्कम ऑक्टोबर २०१४ पासून १६ हजारांवरून २५ हजार रुपये झाली, जानेवारी २०१९ पासून ३१ हजार आणि जानेवारी २०२३ पासून ३७ हजार. २०१४ आणि २०१९ च्या वाढीपूर्वी देशभरातील प्रयोगशाळांतून संशोधकांनी निवेदने दिली, मोर्चे काढले, दिल्लीत धरणे धरले. त्यांच्यामागे कोणतीही मोठी मान्यताप्राप्त संघटना नव्हती. विभागाविभागांतील विद्यार्थी एकमेकांशी जोडले गेले, एवढेच त्यांचे बळ होते. महाराष्ट्रातही बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी अलीकडच्या काळात वारंवार आंदोलनाचा मार्ग धरावा लागला. यांपैकी महाज्योतीचे मुख्यालय नागपुरातच आहे.

रक्कम वाढवणे हे दिल्लीचे किंवा मुंबईचे काम. पण ती वेळेवर हाती पडणे हे पुष्कळदा विभागाच्या टेबलावरचे काम असते. मासिक उपस्थितीचा दाखला, घरभाड्याचे प्रमाणपत्र, प्रगती अहवाल, कनिष्ठ श्रेणीतून वरिष्ठ श्रेणीत जाताना घ्यावयाचे मूल्यमापन, यांतील एक कागद अडला, की पुढचे सारे अडते. कोणता कागद कोणत्या खिडकीवर, कोणत्या तारखेच्या आत द्यायचा, हे प्रत्येक नवा विद्यार्थी ठेचा खातच शिकतो आणि तो शिकेपर्यंत दोन-तीन महिन्यांचे पैसे लांबलेले असतात. ज्याच्या घरून खोलीभाडे येते, त्याचे निभावते. कामठीच्या विणकराच्या किंवा विडी कामगाराच्या घरातील पहिली पदव्युत्तर मुलगी असेल, तर तिला शिकवण्या घ्याव्या लागतात, नाही तर संशोधन सोडावे लागते. मंडळाने ही सगळी माहिती दोन पानांत लिहून प्रवेशाच्या दिवशी हाती दिली, तर एक छदामही खर्च न करता काही संशोधने वाचतील.

प्रयोगशाळेतील जोखीम

याहून गंभीर विषय सुरक्षेचा आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सर्रास वापरले जाणारे डायएथिल ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. मे महिन्यात नागपूर-कामठीचा पारा ४५ अंशांवर जातो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत, वीज गेलेल्या दुपारी या बाटलीचे काय होऊ शकते, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. त्याच खोलीत सुटीच्या दिवशी एखादा विद्यार्थी एकटाच काम करत असेल, तर अपघात घडल्यावर मदत तरी कोण आणणार?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या अग्रगण्य ठिकाणी डिसेंबर २०१८ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात एका संशोधकाला प्राण गमवावे लागले. अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये रसायनशास्त्र विभागात स्फोट होऊन एका संशोधक विद्यार्थ्याने हाताची तीन बोटे गमावली. तेथील रासायनिक सुरक्षा मंडळाने केलेल्या चौकशीतून जे पुढे आले, ते कोणत्याही विभागाने ध्यानात ठेवावे असे आहे. स्फोटक संयुग एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक करायचे नाही, अशी मर्यादा घालून दिलेली होती. पण ती तोंडी होती. विद्यार्थ्यांनी सुमारे १० ग्रॅम तयार केले. त्याआधीही त्या ठिकाणी थोडक्यात निभावलेले प्रसंग घडले होते. परंतु त्यांची नोंद ठेवून धडा इतरांपर्यंत पोहोचवला गेला नव्हता. म्हणजे कमतरता ज्ञानाची नव्हती. ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे, एका वर्षातून दुसऱ्या वर्षात लेखी स्वरूपात पोहोचत नव्हते, ही कमतरता होती.

यावर एक उपाय विद्यार्थ्यांमधूनच निघाला. मिनेसोटा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी या विभागांत २०१२ मध्ये डाऊ केमिकल या कंपनीच्या सहकार्याने संयुक्त सुरक्षा पथक सुरू झाले. प्रत्येक संशोधन गटात सुरक्षेची जबाबदारी असलेले संशोधक विद्यार्थी आणि पदव्युत्तरोत्तर संशोधक एकत्र येतात, एकमेकांच्या प्रयोगशाळांत फेरी मारतात आणि त्रुटी लिहून ठेवतात. तपासनीस बाहेरून आला, की बाटल्या लपवल्या जातात. शेजारच्या प्रयोगशाळेतील मित्र आला, की त्या योग्य कपाटात हलवल्या जातात, हे त्यामागील साधे व्यवहारज्ञान. आपल्याकडील विभागीय मंडळाला असे पथक उभारण्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक नोंदवही, महिन्यातून एक फेरी, अग्निशामकाच्या नळकांड्यावरील तारीख पाहण्याची सवय आणि प्रयोगशाळेत एकट्याने काम करायचे नाही असा सर्वमान्य दंडक, एवढ्यावर आरंभ करता येईल.

नियम माहीत असणे हेच बळ

पीएच.डी.विषयी आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढलेल्या विनियमांत विद्यार्थ्यांच्या हिताच्या अनेक बाबी आहेत. अभ्यासक्रमाचा किमान कालावधी तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणीने त्यात वाढ मिळू शकते. महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा देता येते. संशोधन सल्लागार समितीसमोर प्रत्येक सत्रात प्रगती मांडायची असते. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार अशी विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी राहिलेल्या अध्यापकाने नवा विद्यार्थी घेऊ नये, असेही विनियम सांगतात.

नियम आहेत, पण ते ज्याच्यासाठी आहेत त्यालाच ठाऊक नसतील, तर त्यांचा उपयोग काय? सल्लागार समितीची बैठक दर सत्रात खरोखर होते की वर्षाच्या शेवटी कागदोपत्री उरकली जाते, हे एका विद्यार्थ्याने विचारले तर ते उद्धटपणाचे ठरते. मंडळाने सर्व विद्यार्थ्यांसाठी बैठकांचे वेळापत्रक मागितले, तर ते कामकाज ठरते. वैयक्तिक गाऱ्हाण्याचे सामायिक प्रश्नात रूपांतर करणे, हेच मंडळाचे मर्म आहे.

आक्षेप आणि मर्यादा

अशा मंडळाविषयी अध्यापकांच्या मनातील शंका निराधार नाहीत. मंडळ उद्या एखाद्या पक्षाच्या विद्यार्थी आघाडीचे शाखा कार्यालय होईल, उपस्थिती न लावणारे विद्यार्थी त्याचा ढालीसारखा उपयोग करतील, प्रबंधाचा दर्जा हा विषयसुद्धा घोषणांनी ठरवला जाईल, अशी भीती त्यांना वाटते. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत अध्यापकांची पदे मोठ्या प्रमाणावर रिक्त असताना, असलेल्या मोजक्या अध्यापकांवरचा भार आधीच जास्त आहे, हेही खरे. त्यामुळे सीमारेषा स्पष्ट असणे अगत्याचे आहे. प्रयोगाचा निष्कर्ष बरोबर की चूक, प्रबंध स्वीकारण्याजोगा आहे की नाही, या शास्त्रीय निर्णयांत मंडळाने पडू नये. निर्णय कोणत्या पद्धतीने, किती दिवसांत आणि कोणत्या लेखी कारणाने झाला, हे विचारण्याचा अधिकार मात्र त्याला असला पाहिजे.

दोष केवळ विभागांचाच आहे, असेही नाही. एम.एस्सी.चा विद्यार्थी दोन वर्षांत निघून जातो आणि बहुतेकांचे लक्ष नेट, सेट, गेट किंवा स्पर्धा परीक्षांकडे लागलेले असते. मंडळाचे काम म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी भावना विद्यार्थ्यांमध्येच रूढ आहे. सायंकाळी सहाची बैठक लावली, तर शहरातील मुलगे थांबतात आणि कामठीची मुलगी बस धरण्यासाठी निघून जाते. मग मंडळही जवळ राहणाऱ्यांचेच होते. मंडळ सर्वांचे व्हायचे असेल, तर बैठक दुपारच्या सुटीत झाली पाहिजे, तिचे इतिवृत्त फलकावर लागले पाहिजे आणि एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षांबरोबर पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनाही तीत जागा असली पाहिजे. चार-पाच वर्षे विभागात राहणारा संशोधक हाच मंडळाची स्मृती टिकवू शकतो.

यासाठी विभागप्रमुखांना करायच्या गोष्टी थोड्या आहेत. सचिव नेमण्याऐवजी विद्यार्थ्यांना गुप्त मतदानाने निवडू द्यावा. विभागाच्या सुरक्षाविषयक आणि ग्रंथालयविषयक समितीत मंडळाचा एक प्रतिनिधी बसवावा. वर्षातून दोनदा मंडळाचे लेखी निवेदन स्वीकारून त्याला लेखी उत्तर द्यावे. यांपैकी कशालाही अधिसभेचा ठराव लागत नाही. लागते ती आपल्या विद्यार्थ्याला प्रौढ नागरिक मानण्याची तयारी. ज्याला विधानसभेसाठी मतदान करता येते, त्याला आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटाविषयी मत देता येऊ नये, हे फार काळ समर्थनीय ठरणार नाही.

लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून विटा आल्या, उपकरणे आली, अध्यापक आले. नव्वदहून अधिक वर्षांनी त्यांच्याच कामठीतून विज्ञान शिकण्यासाठी निघालेल्या मुलाला किंवा मुलीला आता इमारतीची वानवा नाही. त्या इमारतीत आपले म्हणणे ऐकून घेणारी आणि लिहून ठेवणारी एक जागा तेवढी हवी आहे. तिच्यासाठी कोणाला मृत्युपत्र करावे लागणार नाही. विभागाच्या पुढच्या बैठकीत एक विषय मांडावा लागेल.